तेजरामचं सोमवारचं वजन

तेजराम दिवसातून तीनदा जेवायचा, त्याबद्दल कोणाची काही तक्रार नव्हती. झाडीपट्टीतला माणूस तीनदा भात खाणार नाही तर काय करणार? तक्रार होती ती मधल्या वेळेची.

करडीपासून दीड कोसावर घनश्यामशेठची धान भरडायची मिल होती आणि त्या मिलच्या वजनकाट्यावर तेजराम चौदा वर्षांपासून बसत होता. शेतकरी बैलबंडी घेऊन यायचे, हमाल पोतं काट्यावर ठेवायचे, तेजराम दांडीवरचं सरकतं वजन पुढेमागे करायचा आणि आकडा ओरडायचा. बाकी मिलवाल्यांच्या काट्यावर शेतकरी डोळे फाडून उभे राहत. तेजरामच्या काट्यावर मात्र बंडी सोडली की माणूस सरळ लिंबाखाली जाऊन आडवा व्हायचा. "तेजराम हाय ना तठी," एवढंच म्हणायचे. या एका वाक्यावर तेजरामची छाती वर्षभर फुगलेली असायची. पगार शेठ द्यायचा तेवढाच, पण हे वाक्य शेठला कोणी म्हणत नव्हतं.

त्याची रीतही तशीच होती. रोज सकाळी पहिली बंडी यायच्या आधी तो सरकारी शिक्क्याचं वीस किलोचं लोखंडी वजन काट्यावर ठेवून पासंग पाहायचा. पासंग म्हणजे काट्याचा झोल. दांडीच्या मागच्या टोकाला आट्यांवर फिरणारा एक पितळी गोळा असतो, तो दोन वेढे इकडे नाहीतर तिकडे केला की झोल निघतो. निघतो तसा घालताही येतो, पण तेजरामच्या हातून चौदा वर्षांत तो कधी घातला गेला नव्हता.

आता त्या मधल्या वेळेबद्दल. धानाचा हंगाम दिवाळीला सुरू व्हायचा आणि उन्हाळा लागला की संपायचा. पुढे पाच-सहा महिने मिल बसायची, आणि मिल बसली की तेजरामचं तोंड चालू व्हायचं. उजव्या खिशात फुटाणे, डाव्या खिशात मुरमुरे, टेबलाच्या खणात गुळाचा खडा, आणि समोरच्या टपरीवर तीनच्या ठोक्याला भजे तळायला निघाले की हा गडी खुर्चीतून उठलाच म्हणून समजा. भूक? छे हो, भुकेचा काही संबंध नव्हता. घरून दोन वाट्या वरण आणि परातभर भात खाऊनच यायचा. पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या खुर्चीवर काहीच घडत नव्हतं. फुटाणा तोंडात टाकला की निदान काहीतरी घडायचं, आणि तो संपला की दुसरा टाकावा लागायचा.

एकोणऐंशी सालच्या जेठ महिन्यात त्याच्या पायाला खिळा लागला. जखम महिना झाला तरी भरेना, तेव्हा मंदाबाई, त्याची बायको, त्याला ओढतच भंडाऱ्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरनं लघवी तपासली, रक्त तपासलं, आणि मग काट्यावर उभं केलं. दुसऱ्याच्या काट्यावर उभं राहायची तेजरामची ही पहिलीच वेळ. सत्त्याण्णव किलो.

"साखर निघाली," डॉक्टर म्हणाला. "भात एकच वेळ. गोड बंद. मधलं खाणं बंद. दिवाळीपर्यंत अठ्ठ्याऐंशीवर या, नाहीतर सुई सुरू करावी लागेल. रोज. जन्मभर."

सुईचं नाव काढताच तेजराम पांढराफटक पडला. लहानपणी देवी टोचणारे गावात आले तेव्हा हा धान साठवायच्या ढोलीत लपून बसला होता आणि संध्याकाळी तिथेच झोपलेला सापडला होता. आता चाळिशी उलटली होती आणि ढोलीत मावायचा प्रश्नच नव्हता.

मंदाबाई बोलायची कमी. एस.टी. मोहाडीला पोचली तेव्हा एकदम म्हणाली, "तुमचं अठ्ठ्याऐंशी होये तवर मीबी गोडाले हात लावणार नाही."

"तुले काहून? तुले काय झालं? तू तं काडी हायेस."

"मी आपलं सांगून देलं."

हिला गुळाचे गुलगुले प्राणापलीकडे आवडत. माहेरहून येताना दुसरं काही नाही आणलं तरी ती डबाभर गुलगुले आणायची आणि वाटेतच अर्धे संपवायची. त्यामुळे या एका वाक्यानं तेजराम सुईपेक्षा जास्त घाबरला. आपलं तोंड आपण कसंही सांभाळू, पण आपल्या तोंडापायी हिनं दिवाळीला कोरडं राहायचं म्हणजे काय!

दुसऱ्या दिवशी मंदाबाईनं त्याच्या तिन्ही सदऱ्यांचे खिसे शिवून टाकले. आणि दर सोमवारी दुपारी डबा घेऊन ती स्वतः मिलवर यायला लागली. तेजराम काट्यावर चढायचा, वजन सरकवायचा, आणि ती खांद्यावरून डोकावून आकडा पाहायची. चौथी शिकलेली होती, आकडे तिला तोंडी ऐकायची गरज नव्हती.

पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले. खिसे शिवले तर यानं फुटाणे दुपट्ट्याच्या गाठीत आणले. ती गाठ धरली गेली तर बडीशेप सुरू केली आणि दिवसाला अख्खी पुडी फस्त करायला लागला. पाणी पिऊन पाहिलं, दातून चावून पाहिली, हमालांशी उगाच भांडून पाहिलं. दुपारी तीनला भज्यांचा वास आला की त्याच्या तोंडाला अक्षरशः पाणी सुटायचं आणि स्वतःचाच राग यायचा. मग एक दिवस रागारागानं उठला आणि टपरीकडे पाठ करून तलावाच्या पाळीपर्यंत चालत गेला, परत आला, तर कढई उतरलेली आणि वासही गेलेला. त्याला नवल वाटलं. तीनला येणारी ती हाव साडेतीनला आपोआप जात होती, तिला फक्त अर्धा तास हुलकावणी द्यायची होती. हे त्याला बेचाळीसाव्या वर्षी कळलं. त्या दिवसापासून तीन वाजले की तेजराम तलावावर.

पंच्याण्णव, चौऱ्याण्णव. पोळ्याला एक्क्याण्णव. मंदाबाई सोमवारी जाताना हसायला लागली.

आणि मग पितरांचा पंधरवडा आला. आमच्याकडे पितराच्या जेवणाला बोलावलं तर नाही म्हणायची सोय नसते, आणि तेजरामसारख्या इमानदार माणसाला तर गावातली निम्मी घरं बोलवायची. लाखोळीच्या डाळीचे वडे, खीर, वर तूप. "पितराच्या नावानं वाढलं हाये जी, असं ताट सोडून उठू नये," म्हणत बाया पानात टाकत राहायच्या आणि हा खात राहायचा. पंधरा दिवसांत दोन किलो चढले. पुढे नवरात्रात ते उतरवता उतरवता नाकी नऊ आले. दिवाळी आठ दिवसांवर आली तरी काटा एक्क्याण्णवलाच अडकून बसला. भंडाऱ्याला बुधवारी जायचं होतं, त्याआधीचा हा शेवटचा सोमवार.

त्या सोमवारी पहाटे तेजरामला जाग आली ती तळणाच्या वासानं. चुलीपुढे मंदाबाई गुलगुले काढत होती. हा उठलेला पाहून ती दचकली आणि लाजली.

"आज होईनच असं मले वाटून राहिलं," ती म्हणाली. "नाही झालं तं शेजारी वाटून टाकीन."

तेजराम मिलवर आला, पासंग पाहिला, आणि आजूबाजूला कोणी नाही असं बघून काट्यावर चढला. एक्क्याण्णव. उतरला, धोतर सावरून पुन्हा चढला, तरी एक्क्याण्णवच. काटा त्याचाच होता, खोटं कसं बोलणार?

सकाळभर त्याच्या डोळ्यांपुढे ती चुलीपुढची बाई होती. साडेतीन महिने तिनं चहातसुद्धा साखर घातली नव्हती. एकानं खाऊन बसायचं आणि दुसरीनं त्याची शिक्षा भोगायची, हे त्याला सहन होईना. बाराच्या सुमारास लांबून तिचं हिरवं लुगडं दिसलं, आणि तेजरामचा हात त्या पितळी गोळ्याकडे गेला. पोतं नाही, शेतकरी नाही, आपलं घरचंच काम आहे, ती गेली की लगेच फिरवून ठेवू, असं त्यानं मनाला समजावलं. तीन किलोचा झोल घालायला त्याला पाव मिनिटही लागलं नाही.

मंदाबाई आली. तो चढला. तिनं डोकावून पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"अठ्ठ्याऐंशी!"

ती तिथेच पोत्यांच्या थप्पीला टेकून बसली, डबा उघडला आणि साडेतीन महिन्यांनी पहिला गुलगुला तोंडात टाकला. डोळे मिटून खाल्ला. मग त्याच्या हातावर एक ठेवला, मग अजून एक. त्यानं सहा खाल्ले. शेवटी म्हणाली, "बस्स आता, सुटल्यावानी करू नका," आणि डबा बांधून हसत घरी गेली.

ती नजरेआड होते न होते तोच करडीच्या गिरजाबाईच्या दोन बंड्या फाटकातून आत आल्या. यंदाचा पहिला, लवकर पिकणारा हलका धान, वीस पोती. हमाल धावले, सहा महिन्यांनी मिल जागी झाली. तेजरामच्या बोटांना गूळ चिकटला होता, पोट भरलं होतं, बायको हसत गेली होती. तो रंगात येऊन आकडे ओरडायला लागला. बासष्ट! बासष्ट! साडेएकसष्ट! गिरजाबाई लिंबाखाली पान लावत बसली होती. तिनं मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही.

मंगळवारी सकाळी रीतीप्रमाणे त्यानं वीस किलोचं वजन काट्यावर ठेवलं. दांडी सतरावर थांबली.

तेजराम त्या सतराकडे पाहत राहिला. काल तो पितळी गोळा परत फिरवायचा राहूनच गेला होता. वीस पोती, दर पोत्याला तीन किलो. साठ किलो धान, म्हणजे जवळपास अख्खं पोतं त्यानं एका बाईचं खाल्लं होतं. धान ढिगात ओतला गेला होता, पुन्हा तोलायचीही सोय नव्हती.

तो घनश्यामशेठपुढे जाऊन उभा राहिला आणि सगळं सांगितलं. शेठ आधी हसला, मग गंभीर झाला. "हे पाहा, नुकसान मिलचं झालं नाही. तिलेही मालूम नाही. सांगत सुटशीन तं उद्या परतेक जण म्हणन का माझ्याही वेळी असंच केलं असन. चौदा वर्षांचं नाव एका दिवसात मातीत जाईन, तुझंही आन मिलचंही. चूप राय."

शेठचं म्हणणं खोटं नव्हतं. तेजरामला त्याच नावाची तर काळजी होती. पण न सांगता ते नाव राहिलं, तरी यापुढे कोणी लिंबाखाली निजलं की आपल्याला कसं वाटेल, हेही त्याला दिसत होतं. त्यानं साठ किलोची जास्तीची पावती लिहिली आणि सहीसाठी शेठपुढे धरली.

"शेठ, धान तुमच्या ढिगात हाये. सही करा, नाही तं माह्या पगारातून कापा."

शेठनं शिव्या घालत सही केली. तेजराम सायकलवर बसला. वाटभर तो एकच विचार करत होता, की कारण काय सांगायचं. काट्यात बिघाड झाला म्हणावं का? म्हणता आलं असतं.

गिरजाबाईच्या अंगणात पोचला तर घरात चिडीचूप. गिरजाबाई ओसरीवर तोंड फिरवून बसलेली, आणि आत चुलीपाशी तिची सून सुशीला भिंतीला टेकून बसलेली, डोळे रडून सुजलेले. गिरजाबाईनं तेजरामला पाहताच खाट टाकली आणि तो काही बोलायच्या आतच तिचं सुरू झालं.

"बरं झालं तू आलास बाबू. तूच सांग हिले. दरसाल आमचं पोतं तुया काट्यावर पासष्ट भरते. तेच पोते, तोच लाकडी कुडो मापाले, पोत्याले तेवढेच कुडो. यंदा बासष्ट कसं? पोते भरले कोणं? हिनं. मुरमुरेवाली दर बुधवारी दारात बसते, तिले धान देऊन मुरमुरे घेते ही. मी काय आंधळी हावो? चटोर बाई भेटली मले! कालपासून उपाशी बसली हाये नखरा करून, पाण्याले शिवत नाही. म्हणते, काटा खोटा असन. मी म्हटलं, काटा खोटा? तेजरामचा?"

तेजरामला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. बिघाडाची थाप त्यानं तिथेच सोडून दिली.

"काटाच खोटा होता बाई," तो म्हणाला.

आणि मग त्यानं सगळं सांगितलं. खिसे शिवल्यापासून गुलगुल्यांपर्यंत, काही न गाळता. सांगताना मान वर झाली नाही. गिरजाबाईचं तोंड उघडं ते उघडंच. शेवटी तेजराम खाटेवरून उठला, चुलीच्या दारापाशी जाऊन उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि आतल्या पोरीला म्हणाला, "माय, चटोर मी हावो. तू नाही. सहा गुलगुले मी खाल्ले आन उपास तुले घडला. माफ कर म्हणाले तोंड नाही मले."

सुशीलानं त्याच्याकडे पाहिलं. तेवीस-चोवीसची पोर, पण नजर धारेची.

"काकाजी," ती म्हणाली, "मी काल सांगून राहिली होती का काटा खोटा असन. तवा या घरात कोणाले पटलं नाही. तुमचं नाव एवढं मोठं."

गिरजाबाई उठली. सुनेपुढे जाऊन बसली. मग तिनं ताट वाढलं, भात कालवला आणि पहिला घास स्वतःच्या हातानं सुनेच्या तोंडापुढे धरला. सुशीलानं तोंड थोडं फिरवलं, मग घेतला. दोघी रडायला लागल्या. तेजरामही रडला, लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

पाहुण्याला रिकाम्या तोंडी जाऊ द्यायची पद्धत नाही, म्हणून डोळे पुसत गिरजाबाईनं त्याच्यापुढेही ताट ठेवलं, वर चकल्या, गोड कानोले. तेजरामनं हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा भरल्या ताटाला नाही म्हणताना त्याला काही जड गेलं नाही.

ऊन कलायच्या आत तो घरी पोचला आणि मंदाबाईलाही सांगितलं. ती सूप खाली ठेवून ऐकत होती. ऐकून झाल्यावर उठली, उरलेल्या गुलगुल्यांचा डबा शेजारी देऊन आली. मग म्हणाली, "मी देवापुढं नारळ फोडला ना जी काल." एवढंच. ती दिवाळी दोघांनी चकलीवर काढली, आणि आठ दिवस ती त्याच्याशी कामापुरतं बोलली.

डॉक्टरनं बुधवारी एक्क्याण्णव पाहिले, जखम भरलेली पाहिली, सध्या गोळ्या लिहून दिल्या आणि सुईचं होळीवर ढकललं.

शेठ म्हणाला ते अर्धं खरं निघालं. गोष्ट पंचक्रोशीत झाली आणि लोक हसले. लिंबाखाली निजणारे उठून काट्यापाशी उभे राहायला लागले. तेजरामला ते लागायचं, फार लागायचं, पण उलट बोलायला जागा नव्हती. अगहनात, म्हणजे मार्गशीर्षात, उशिरा पिकणारा भारी धान आला तेव्हा गिरजाबाईच्या बंडीवर सुशीला स्वतः बसून आली. उतरली ती थेट काट्यापाशी. वीसेक माणसं उभी होती.

"काकाजी, पयले तुमी चढा."

तेजराम चढला. तिनं पितळी गोळा पाहिला, दांडी पाहिली आणि हमालांच्या थाटात ओरडली, "नव्वद!" सगळे खदाखदा हसले. तोही हसला. तेव्हापासून तसंच पडलं. जो येईल तो आधी तेजरामला चढवायचा, मग पोती. मुरमुऱ्याची मूठ तोंडात टाकायच्या आधी त्याला वीस माणसांचे आवाज ऐकू यायचे. त्या पहिल्या दिवशी जाताना सुशीलानं बंडीतून अंबाडीच्या वाखाची मोठी पेंढी काढून त्याच्या टेबलावर टाकली होती. "आमाले दोऱ्या लागते. बसल्या बसल्या वळून द्या." तेजराम दोऱ्या वळायला लागला. दोन्ही हात गुंतले की फुटाणे कशानं खाणार? त्या वर्षी करडीच्या निम्म्या बैलांच्या गळ्यात तेजरामची दोरी होती.

होळीच्या आदल्या सोमवारी सुशीला घरखर्चाचा धान भरडायला घेऊन आली होती. मंदाबाई डबा घेऊन आली. तेजराम चढला. सुशीलानं वजन सरकवलं, पुन्हा सरकवलं, आणि या वेळी ओरडली नाही, हळूच म्हणाली, "काकीजी, अठ्ठ्याऐंशी."

मंदाबाईच्या पिशवीत डबा होता. पण ती जागची हलली नाही.

"उतरा," ती नवऱ्याला म्हणाली.

तेजराम उतरला. मंदाबाईनं कोपऱ्यातलं ते वीस किलोचं लोखंडी वजन दोन्ही हातांनी उचललं, काट्यावर ठेवलं, आणि वाकून, डोळे दांडीला लावून पाहिलं. दांडी विसावर स्थिर झाली. तिनं पितळी गोळ्यावरून एकदा बोट फिरवलं. मग वजन उचलून खाली ठेवलं.

"आता चढा."

तो पुन्हा चढला. तिनं आकडा पाहिला, थप्पीला टेकून बसली आणि डबा उघडला.